मारुतीची जागा

आमच्या विमानाला वेळापत्रक नव्हतं, पंचांग होतं.

रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाखाली ओहोटीला जी काळसर, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर ते उतरायचं. वाळू कधी उघडी पडणार ते तिथीवर. चतुर्थीला विमान सकाळी आलं, तर अष्टमीला भर दुपारी. ओहोटीला कोळी लोक सुकती म्हणतात. 'आज सुकती कवा?' असं कुणी विचारलं की समजायचं, ह्याला विमानानं जायचंय.

एकोणपन्नास सालच्या दसऱ्यानंतर ही सर्व्हिस सुरू झाली. मी तिचा रेवदंड्याचा एजंट. लढाईच्या काळात मी लष्कराच्या एका विमानतळावर तारमास्तर होतो, त्यामुळे गावात मला सगळे मास्तरच म्हणत. विमान यायच्या आधी हातात पहार घेऊन वाळूवर चालायचं, जागोजाग टोचून बघायचं, वाळू भुसभुशीत लागली तर तिथे लाल फडकं रोवायचं. सगळं ठीक असेल तर मधोमध पांढरी चादर पसरायची. मग उतारूंना सुपारीच्या वखारीतल्या काट्यावर उभं करून वजन करायचं. बायका लाजत, पुरुष पोट आत घेत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. सकाळी वाळू, दुपारी विमान आणि संध्याकाळी चौलच्या देवळात हरेश्वरबुवांचं कीर्तन. बुवांची झांज वाजली की दिवसभरचं ऊन अंगातून उतरून जायचं.

कंपनी शिवदासशेटची. मूळचा धंदा सुपारीचा. शेटजी बुटके, गोल, हातात कायम छत्री. कट्टर वैष्णव. कांदासुद्धा वर्ज्य, दुसऱ्याच्या घरचं पाणीही घेत नसत. लढाई संपल्यावर जुनी विमानं भंगाराच्या भावात मिळू लागली आणि मुंबईत जो तो विमान कंपनी काढू लागला. एकमेकांचे दर पाडता पाडता त्यातल्या निम्म्या बुडाल्याही. शेटजींनी मात्र आठ उतारूंचं, दुहेरी पंखांचं एक जुनं विमान घेतलं आणि ते जुहूहून आमच्या किनाऱ्यावर आणलं.

"मास्तर," ते मला म्हणाले होते, "मोठा कंपनीवाला दर कमी करते. आपण भीती कमी करायची. माणूस तिकीट नाय घेत, भरवसा घेते."

त्यांचा हिशेब खरा होता. सत्तेचाळीसच्या गटारीला मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली. आमच्या किनाऱ्यावर असं गाव नव्हतं की जिथलं कुणी तिच्यात नव्हतं. किती जणांची तर प्रेतंही लागली नाहीत. त्यानंतर लोक पाण्याला भ्यायले. पेणवरून खडखडत जायला दिवस मोडायचा. पाण्याच्या वरून जायचं, हे शेटजींनी बरोबर ओळखलं होतं. जुहूला पत्र्याच्या शेडपुढे त्यांनी उतारूंना बसायला आठ माणसांचा एक लांब सिमेंटचा बाक बांधला आणि भिंतीवर गणपती रंगवून घेतला.

आमचे वैमानिक कप्तान फकरुद्दीन. म्हसळ्याचे. लढाईत त्यांनी पुष्कळ विमानं उडवली होती. माणूस मोजकं बोलणारा, पण बोलला की हसवणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी शेटजींना सांगितलं, "जुहूची धावपट्टी पक्की आहे, तिथून आठ उचलीन. ह्या वाळूवरून सात. आठवा बसला तर मी उतरतो."

शेटजींचा चेहरा पडला. आठ खुर्च्यांचं विमान घेतलंय आणि सातच बसवायचे? शिवाय दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवली की लोक विचारणार, हिला काय झालंय? विमान मोडकं आहे का?

मला एकदम सुचलं. कीर्तनात रामकथा असली की बुवांच्या समोर एक पाट मांडून रिकामा ठेवतात. जिथे रामकथा तिथे मारुतीराय ऐकायला येतात, त्यांची ती जागा. कितीही दाटी होवो, त्या पाटावर कुणी बसत नाही. मी म्हटलं, "शेटजी, ती मारुतीची जागा म्हणून सांगू. वाऱ्याचा मुलगा तो. त्याच्या जागेवर आपला माणूस बसायचा नाही आणि संशयही घ्यायचा नाही."

शेटजींनी छत्री टेबलावर आपटली. "मास्तर, तमे तो धंदा शीखी गया." मग येताना-जाताना सातच, असंच ठरलं. आठ दिवसांत जुहूच्या भिंतीवर गणपतीशेजारी मारुतीही आला. लोक येताना-जाताना त्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करू लागले. कुणी फूल ठेवी, कुणी रुईचं पान.

कप्तान मला म्हणाले, "तुमच्या हनुमानाचं वजन किती धरू?"

"शून्य धरा. पवनपुत्र आहे."

दिवाळी झाली, थंडी पडली. एक दिवस सगळे उतरून गेल्यावर कप्तानांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, जुहूला किती बसवतात?"

"सात. तार आहे ना माझ्याकडे."

"मग शेपटी का दबते? येताना रोज एक माणूस जास्त असल्यासारखं ओढावं लागतं. जाताना नाही. फक्त येताना."

मी वाळूवर जाऊन बघितलं. शेपटीच्या लहान चाकाची चर पडते. येतानाची चर खोल होती, जातानाची उथळ. वास्तविक येताना पेट्रोल जळून विमान हलकं व्हायला हवं. मी सामान पुन्हा तोललं, जुहूच्या माणसाला तारेनं विचारलं, खुर्च्यांखाली हात घालून पाहिलं. काही नाही.

मग गादी ओली लागायला लागली.

फक्त मारुतीच्या जागेची. दाराच्या फटीतून पाणी उडत असेल म्हणून मी सुताराकडून फट बुजवून घेतली. गादीला नवी खोळ शिवली, दोन दिवस उन्हात वाळवली. जुहूहून विमान आलं की पुन्हा ओली. जाताना ती सुकलेली असे. तिला तेलाचा वास नव्हता, शेंदराचाही नव्हता. भिजलेल्या दोरखंडाचा होता.

कृष्णाबाई म्हणून चौलच्या एक वयस्कर बाई लेकीकडून परत आल्या. मी हात धरून त्यांना उतरवलं. वाळूवर आल्यावर त्या थांबल्या.

"मास्तर, माझ्या पलीकडचा तो गृहस्थ कुठला हो?"

"कुठला गृहस्थ?"

"दाराशी बसला होता तो. सगळा वेळ काकडत होता बिचारा. मी शाल पुढे केली, तर घेतली नाही. बघितलंही नाही माझ्याकडे."

उतरलेले सातही जण माझ्या समोर उभे होते. कृष्णाबाईंनी एकेकाकडे पाहिलं, मग विमानाच्या दाराकडे. शाल घट्ट लपेटून गाडीत जाऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात कप्तानांच्या मावशी, रहिमुन्निसा, त्याच विमानानं आल्या. उतरल्या उतरल्या भाच्याला म्हणाल्या, "ती कोवळी पोर एकटीच आली रे? हातावर मेंदी होती तिच्या. घ्यायला कुणी आलं नाही तिला?"

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी विमानात बाई अशी मावशी एकटीच होती.

*

विमान यायच्या वेळी गावातली रिकामी माणसं बघायला जमत, पण जनी नेमानं येई. थेरोंड्याच्या कोळीवाड्यातली. मासळी विकून टोपली रिकामी झाली की उंडीच्या झाडाखाली येऊन बसायची. तिचा नवरा सदा जाळ्याचं सूत आणायला मुंबईला गेला होता आणि गटारीला घरी यायचं म्हणून त्या बोटीत चढला होता. तो सापडला नाही. कोळणीच्या उजव्या हातात बांगड्या नसतात. धन्याला सांभाळ म्हणून लग्नातच त्या समुद्राला देतात. जनीच्या डाव्या हातात अजून हिरव्या बांगड्या होत्या आणि कपाळावर कुंकू होतं. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या तिला त्यावरून बोलत. ती ऐकून घेई.

उतारू उतरून गेले की ती उठून विमानापासून निघालेल्या पावलांकडे बघत राहायची. मला वाटायचं, बाई दुःखानं थोडी चळलीय.

एकदा मी ओली गादी उन्हात टाकत होतो. ती जवळ येऊन उभी राहिली.

"वाळवू नका, मास्तर. काय उपेग न्हाय."

"का गं?"

"तुमच्या मारुतीच्या जागेवर आमची माणसं येतात."

मी गादीची दुसरी बाजू उन्हाला केली.

"टोपली घेऊन मी घरोघर जाते, मला कळतं," ती म्हणाली. "ज्या दिशी विमान येतं, त्या दिशी कुठल्या तरी घरात सांजच्याला माणूस येऊन जातं. परवा नागावला एकीनं सांगितलं, लेक आली, चुलीपाशी बसली, अंग शेकलं तिनं. बाय म्हणते सपान पडलं. सपान कसं, चुलीपुढं भुई ओली व्हती. मागल्या येळी आक्षीत. त्याच्या आदी चौलात. जी माणसं पाण्यात गेली त्यांचीच घरं."

"असं काही नसतं, जने."

"बरं, नसतं." ती टोपली उचलून हसली. "मग तुमी मारुतीला नमस्कार कोणत्या जागी घालता?"

त्या संध्याकाळी कीर्तन आटोपल्यावर मी हरेश्वरबुवांच्या पाया पडलो आणि सगळं सांगितलं. बुवा झांज फडक्यात बांधत होते. म्हणाले, "खुर्ची रिकामी ठेवलीत, ते ठीक. आवाहन केलंत का?"

"नाही."

"मी कीर्तनात आधी मारुतीरायाला हाक मारतो, अक्षता वाहतो, मग तो पाट त्याचा होतो. तुम्ही नुसतीच जागा मोकळी ठेवलीत आणि नाव त्याचं लावलंत. बोलावल्याशिवाय देव कसा येईल? आणि मोकळी जागा दिसली की ज्याला बसायची गरज आहे, तो बसणारच."

मी म्हटलं, "मग तुम्ही या. विमानात येऊन आवाहन करा. म्हणजे हे थांबेल."

"येतो की. सांगाल त्या दिवशी."

ही गोष्ट जनीच्या कानावर जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी वखारीच्या पायरीशी ती बसून होती.

"मास्तर, बुवांना बोलावणार?"

"देवाची जागा देवाला द्यायला नको?"

"द्या की. पर मारुतीला बसवलंत, तर आमच्या धन्यानं कुठं बसायचं? एका फेरीला एक जागा. इतकी माणसं. तो सगळ्यांना फुडं घालत असंल. तसाच हाय तो. होडीतनं पन शेवटी उतरायचा." तिनं पदर तोंडाला लावला. "त्याची पाळी यिऊ द्या. मग बसवा तुमचा देव."

मी भाविक माणूस आहे. देवाच्या नावाची जागा अशी अधांतरी ठेवणं मला रुचत नव्हतं, आणि ती कुणाला मिळतेय ह्यावर माझा विश्वासही बसत नव्हता. पण पायरीवर बसलेली ती बाई बघून वाटलं, खुद्द मारुतीराय इथे असते तर त्यांनी काय केलं असतं? उठून उभे राहिले असते. लंकेत कुणासाठी उडी घेतली ते आम्ही कीर्तनात इतक्या वेळा ऐकलंय.

मी बुवांना निरोप धाडला, इतक्यात नको.

*

फाल्गुन लागला. होळीला कोकणातला माणूस कुठेही असो, गावी येतो. जुहूला उतारूंची झुंबड उडाली. शेटजी छत्री घेऊन वखारीत आले.

"मास्तर, जुहूचा रनवे पक्का छे ने? कप्तान बोलला होता, तिथून आठ उचलेल. तो येताना आठ बसवू, जाताना सात. मारुतीनी जगा जाताना राहील. शुं वांधो छे?"

कप्तान तिथेच होते. वांधा काहीच नव्हता. वजन बसत होतं, वाळू घट्ट होती, येणारं विमान हलकं होत होत येतं. शेटजींचं बोलणं धंद्याच्या आणि सुरक्षेच्या दोन्ही बाजूंनी बिनचूक होतं. मी कप्तानांकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे. येतानाच शेपटी दबते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ते बोलायचं कसं?

"लोक त्या खुर्चीवर बसणार नाहीत, शेटजी," मी म्हटलं.

"म्हणून तो पहेला हुं बसीश. नवमीला मीच येतो त्या खुर्चीवर. मालक बसला की गाम बसेल."

संध्याकाळी मी जनीला सांगायला थेरोंड्याला गेलो. तिच्या झोपडीचं दार इतकं बुटकं की माझं कपाळ आडव्या वाशावर आपटलं. तिला एवढ्या चिंतेतही हसू आलं.

"नवा माणूस आपटतोच. आमचा धनी ताडासारका. आत येताना उजवा हात वाशाला लावायचा न मग वाकायचा. बगा, वासा तिथं काळा पडलाय."

मी पाहिलं. वाशावर तळहाताएवढा भाग गुळगुळीत काळा झाला होता.

शेटजींचं मी सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "नवमीला सुकती कवा?"

"दुपारी."

"जागा जानार म्हटल्यावर आता न्हाय थांबायचा तो. भाकरी करून ठेवते," ती म्हणाली.

*

नवमीला आभाळ निरभ्र होतं. मी पहार घेऊन सगळी वाळू तपासली, चादर पसरली. कोर्लईच्या डोंगरावरून विमान दिसलं तेव्हा उंडीच्या झाडाखाली कुणी नव्हतं. जनी आली नव्हती.

विमान टेकलं. शेपटी खाली आली, आणि मला ते उभ्या जागेवरून दिसलं. वाळू नांगरल्यासारखी फाटत गेली. इतकी खोल चर कधीच पडली नव्हती. विमान थांबायच्या आत तिच्यात पाणी झिरपायला लागलं.

सात माणसं उतरली. होळीची माणसं, हसत, सामान ओढत.

शेटजी दाराशेजारीच बसलेले, पण ते सगळ्यांच्या शेवटी उतरले.

त्यांच्या हातात छत्री नव्हती. पायात जोडे नव्हते. धोतर कमरेपासून खाली भिजून अंगाला चिकटलं होतं. मी "या शेटजी" म्हणून पुढे झालो. ते माझ्या बाजूनं निघून गेले, जसा माणूस रस्त्यातल्या खांबाच्या बाजूनं जातो.

ते गावाकडे वळले नाहीत. पाण्याच्या कडेकडेनं थेरोंड्याकडे चालायला लागले. छोट्या पावलांनी तुरुतुरु चालणारा तो माणूस लांब ढांगा टाकत होता.

कप्तान इंजीन बंद करून धावत आले. "मास्तर, ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी मागे वळून बघितलं तर..."

"तर काय?"

"चला," ते म्हणाले.

आम्ही मागोमाग गेलो. कोळीवाड्यात शेटजी कधी आले नव्हते. मासळीच्या वासानं ते लांबच्या वाटेनं जात. आता वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून, जाळ्यांच्या ढिगांना वळसे घालत, एकदाही न थबकता ते चालत होते. तिसऱ्या बोळाशी वळले.

जनीचं दार उघडं होतं.

त्या वाशाखालून शेटजी ताठ मानेनं जाऊ शकले असते. वर वीतभर जागा उरली असती.

ते थांबले. उजवा हात वर केला. पोचेना, म्हणून टाचा उचलल्या. तळहात त्या काळ्या डागावर टेकवला.

आणि खोल वाकून आत गेले.

जनी चुलीपाशी होती. ओरडली नाही, रडली नाही. पाट सरकवला.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. आवाज शेटजींचाच होता. बोलणं नव्हतं.

"सुकट हाय?"

तिनं भाकरी वाढली, सुकट वाढली. कांदा फोडून दिला. कांद्याचा वास आला तरी पानावरून उठणारे ते शिवदासशेट मन लावून जेवले. बोटं चाटली. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. मग कोपऱ्यातल्या जाळ्यावर आडवे झाले आणि डोळे मिटले.

कप्तान दारात उभे राहून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. मी रामनाम घेत होतो. जनी पदरानं त्यांना वारा घालत होती, माशी बसू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं तिचा हात थांबला.

"गेला," ती म्हणाली.

जाळ्यावर शेटजी खडबडून उठून बसले. "मास्तर, आ शुं छे? हे कुठे आणला मला?"

"तुम्हाला ऊन लागलं, शेटजी," कप्तान शांतपणे म्हणाले.

आम्ही त्यांना धरून बाहेर आणलं, तेव्हा जनी आमच्या आधी पाण्यापाशी पोचली होती. डाव्या हातातल्या बांगड्या तिनं एकेक करून काढल्या आणि पाण्यात सोडल्या. कुंकू समुद्राच्या पाण्यानंच पुसलं. मग वर येऊन टोपल्या धुवायला बसली.

शेटजींनी त्या दिवशी काय खाल्लं, ते आम्ही तिघांनी त्यांना कधीच कळू दिलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितो. त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, ती खुर्ची येताना पण खालीच राहू द्या."

"का, शेटजी?"

"त्यां पवन लागे छे," ते म्हणाले आणि छत्री चाचपत राहिले.

*

मग मी जनीला विचारलं, आता बुवांना बोलावू का? ती म्हणाली, "बाकीच्यांचं हाय ना, मास्तर." तिचा माणूस येऊन गेला तरी ती विमानाला यायची, उंडीखाली बसायची. मीही आवाहनाचं नाव काढलं नाही. फक्त जुहूच्या माणसाला कळवलं, की विमान सुटताना त्या खुर्चीकडे तोंड करून एकदा रामनाम घ्यावं. येणाऱ्याला ऐकू जावं, एवढंच.

पुढच्या वर्षी होळीनंतर सर्व्हिस बंद झाली. विमा कंपनीनं वाळूवर उतरायला हरकत घेतली, लोकांची भीती सरली, बोटी पुन्हा भरून जायला लागल्या. शेटजी हिशेबी माणूस, वेळीच आवरतं घेतलं. शेवटच्या दिवशी विमान उडालं, तेव्हा जनी माझ्याशेजारी उभी होती.

"अजून लई हायत, मास्तर," एवढंच म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, बहुधा त्रेसष्ट साली, मी पार्ल्याला गेलो होतो. हरेश्वरबुवा थकले होते, त्यांच्या शिष्याचं रामनवमीचं कीर्तन होतं. सकाळचा वेळ मोकळा होता, म्हणून चालत जुहूला गेलो. जुन्या दिवसांची ओढ, दुसरं काय.

आमची शेड तशीच होती. आत आता कुणाचे तरी टायर भरले होते. भिंतीवरचा गणपती पुसट झाला होता, मारुतीचा नुसता शेंदरी रंग उरला होता. हिरामण नावाचा पहारेकरी पुढच्या सिमेंटच्या बाकाशी फडकं पिळत होता.

"रोज पुसतो," तो म्हणाला. "दहिवर म्हनावं, तर बाजूचा ओटा कोरडा. नळ फुटला म्हनावं, तर इथं नळच न्हाय. रोज सकाळी बाक ओला. एकदा जिभेला लावून बघितलं. खारट."

ऊन चांगलं वर आलं होतं. बाक एका टोकापासून काळपट ओला होता, भिजलेली माणसं दाटीवाटीनं बसून उठावीत तसा. फक्त दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या चित्राखाली, एका माणसापुरती जागा कोरडी होती.

"तेवढी कधीच भिजत न्हाय," हिरामण म्हणाला. "बसा तिथं, बाबा. दमलेले दिसता."

मी दमलो होतो खरा. बसायला वाकलो, आणि तसाच उभा राहिलो.

कीर्तनात तो पाट मांडला, की कितीही गर्दी असली तरी आम्ही सगळे अंग चोरून बसतो, पाटाला धक्का लागू नये म्हणून. बाकावरचा ओलावा त्या जागेपाशी येऊन तसाच, अंग चोरून थांबला होता.